झाकण ठेवा, गॅस बंद करा

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझं हिमोग्लोबिन ९.८ आलं. दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. दुपारी चार ते रात्री आठ अशा गणित-विज्ञानाच्या दोन बॅचेस घरीच घेत होते, आणि दुसऱ्या बॅचला फळ्यासमोर उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मग विचारलं, "चहा किती घेता? आणि केव्हा?"

किती ते मला लगेच सांगता आलं. पाच कप. केव्हा घेते याचा मात्र कधी विचारच केला नव्हता. उठल्यावर एक, पोह्या-उपम्याबरोबर एक, जेवून उठलं की लगेच एक, दोन बॅचेसच्या मधे एक आणि रात्री फळा पुसून झाल्यावर एक. त्यातले दोन थेट अन्नावर पडत होते. डॉक्टर म्हणाल्या, आपल्या भाकरीतलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह मुळात अंगाला कमीच लागतं. त्यावर चहा प्यायलं की चहातली टॅनिन ते धरून ठेवतात आणि उरलंसुरलंही वाया जातं. "गोळ्या मी देते. जेवणावरचा चहा तुम्ही बंद करायचा."

बंद केला. पण दुपारी जेवण झाल्यावर हात आपोआप आधणाकडे जायचा. मला दूध-साखर नको होती, चहापत्तीची तलफही तशी नव्हती. ओट्याशी उभं राहून काहीतरी उकळायचं, गाळायचं आणि खिडकीशी दहा मिनिटं तो गरम कप हातात धरून बसायचं, ते हवं होतं. चार वाजता पंधरा मुलं येणार असतात. त्याआधीची ती दहा मिनिटं माझी असतात. म्हणून मी पत्तीशिवायच्या चहाकडे वळले. आमच्या पुण्यातल्या कर्वेनगरच्या गॅलरीत गवती चहाचं ठोंब, तुळस आणि पुदिना होताच. वाटलं, यात शिकण्यासारखं काय असणार? घालायचं आणि उकळायचं.

पहिले पंधरा दिवस मी जे केलं ते बहुतेक घरांत होतं. पातेल्यात दोन कप पाणी, त्यात गवती चहाची पात, तुळशीची पानं, आल्याचा तुकडा, दोन मिरी, दालचिनी, असं सगळं एकदम टाकायचं आणि एक कप उरेपर्यंत खळाखळा उकळायचं. आईला सर्दीचा काढा असाच करताना पाहिलं होतं. घरभर असा वास सुटायचा की बाहेरच्या खोलीतून अप्पा, म्हणजे माझे सासरे, विचारायचे, "आज काय बेत?" आणि कप तोंडाला लावला की त्या वासातलं काही म्हणता काही नसायचं. भिजलेल्या गवताची चव आणि मागून तुळशीचा कडवटपणा. मध घालून बघितला, गूळ घालून बघितला. गोड गवत झालं, एवढंच.

मग एका मंगळवारी आधण उकळायला आलं, मी त्यात कात्रीने पात कापून टाकली आणि तेवढ्यात बेल वाजली. एका मुलीची आई फी द्यायला आली होती. पातेलं उघडं टाकून जायचं नाही ही सासूबाईंची शिस्त. त्यामुळे जाता जाता गॅस बंद केला आणि वर स्टीलची ताटली ठेवली. त्या बाई मुलीच्या अक्षरापासून सुरू होऊन थेट अकरावीच्या प्रवेशापर्यंत पोचल्या. आठ-दहा मिनिटं गेली असतील. परत आले तेव्हा स्वयंपाकघरात कसलाच वास नव्हता. म्हटलं, गेला हा कप वाया. ताटली उचलली. तिच्या आतल्या बाजूला बारीक थेंब गच्च दाटले होते. ताटली तिरकी होताच ते एकमेकांत मिसळत कडेला धावले आणि एक थेंब माझ्या अंगठ्यावर ओघळला. मी तो नाकाशी नेला. लिंबाची साल नुकती खरवडावी तसा वास. ताटलीवरचं सगळं पाणी पातेल्यात निथळू दिलं, गाळलं आणि उभ्या उभ्याच पहिला घोट घेतला. रंग फिकट पोपटी, जेमतेम रंग म्हणावा असा. पण इतके दिवस घरभर फिरणारा वास आता कपात होता.

मी मुलांना ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करणं, शिकवते, आणि हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो त्यातल्या सिट्रलमुळे. लिंबाच्या सालीतही तेच असतं. ते पानातल्या तेलात असतं आणि हे तेल उडून जाणारं. कारखान्यात गवती चहाचं तेल काढतात तेही असंच. पानांतून वाफ सोडतात, वाफेबरोबर तेल वर चढतं, थंड केलं की पाण्यापासून वेगळं होतं. उघड्या पातेल्यात पात दहा मिनिटं उकळणं म्हणजे तेल काढून स्वयंपाकघराच्या हवेला देणं. तुळस, पुदिना यांचंही तेच. तुळशीचा लवंगेकडे झुकणारा वास युजेनॉलचा, पुदिन्याचा गारवा त्यातल्या तेलाचा, आणि दोन्ही वाफेवर स्वार होऊन निघून जाणारी. मागे राहतो तो हिरवा कडवटपणा. तो कुठे उडत नाही.

माझी नणंद वैद्य आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, तू फांट केलास." हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आयुर्वेदात झाडपाल्यातला अर्क पाण्यात उतरवायच्या रीती वेगवेगळ्या सांगितल्यात आणि प्रत्येकीला आपलं नाव आहे. क्वाथ म्हणजे आपला काढा, विस्तवावर आटवलेला. फांट म्हणजे गरम पाणी ओतून झाकून ठेवलेला. आणि हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवलेला. शार्ङ्गधर संहितेत त्यांची मापं आहेत. काढ्याला एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आणि आटवून आठवा हिस्सा उरवायचा. फांटाला चारपट गरम पाणी, हिमाला सहापट गार पाणी. ही मापं औषधाची आहेत. घरी हौसेनं प्यायच्या चहाला एवढं दाट काही नको. पण भेद किती नेमका आहे बघा! आपण मात्र या सगळ्याला एकच क्रियापद वापरतो, 'उकळणे', आणि माझ्या मते घरचे बरेचसे हर्बल चहा तिथेच बिघडतात.

तेव्हापासून मी पातेल्यासमोर उभी राहिले की आधी एकच गोष्ट बघते. हातात आहे ते पान की मूळ? पान, फूल असलं तर आधण उकळून गॅस बंद, मग पान आत, वर झाकण. मूळ, साल, खोड असलं तर गार पाण्यातच घालायचं, मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, कारण कठीण लाकडातून अर्क असा सहजासहजी उतरत नाही. आणि दोन्ही एकत्र हवं असेल, आलं आणि गवती चहा घ्या, तर आधी आलं उकळायचं, मग गॅस बंद करून पात टाकायची. आणि पाणी किती तापलंय याची पुणेकरांनी फार चिंता करू नये. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत, आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पानाला ते पुरतं.

गवती चहाचं माझं प्रमाण सांगते, कारण लोक पात फार कमी घालतात. एका कपाला, म्हणजे २०० मिलीला, कोपरापासून मनगटाएवढ्या तीन पाती. पात धुताना टोकाकडून बुडाकडे हात फिरवायचा नाही, तिची कड उलटी असते आणि कागदाने कापावं तशी बोटं कापते. बुडापासून टोकाकडे पुसत न्यायची. दुधाच्या चहात आपण पातीला गाठ मारून टाकतो, पटकन काढता यावी म्हणून. फांटाला गाठ नको. कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, जितक्या जागी कापली जाईल तितक्या जागी तेल सुटतं. आणि बुडाकडचा पांढरट, जाड भाग फेकू नका. मंडईत जुडी घेताना अनेकदा विक्रेताच तो छाटून टाकतो, त्याला आधीच सांगायचं, "बूड ठेवा." तो भाग खलबत्त्यात एक ठोसा देऊन घातला की वास दुप्पट. झाकून सात मिनिटं. तुळशीची पानं घालायची तर आठ-दहा, हाताने चुरगळून, आणि पाचच मिनिटं. जास्त ठेवली की जिभेला चरचरते. पुदिना चार मिनिटं. बडीशेप, जिरं, धणे ही मधली माणसं. ती बियाणं आहेत, सालीत बंद. आयत्या वेळी भरड कुटून घालायची आणि दहा मिनिटं झाकायची. कुटून डबा भरून ठेवलेल्या बडीशेपेत आठवड्याने काही उरत नाही.

मध हवा असेल तर कप कोमट झाल्यावर. उकळत्या पाण्यात मध घालायचा नाही हे आयुर्वेद सांगतो, आणि चवीलाही तेच खरं आहे, तापलेल्या मधाचा सुवास जातो. मी स्वतः आता काहीच घालत नाही.

उन्हाळ्यात हिम. एप्रिलमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गरम कप कुणालाच नको असतो. रात्री धणे-जिरं भरड कुटून माठातल्या पाण्यात भिजवायचं, सकाळी गाळायचं. हा अप्पांचा खास आवडता.

मुळांकडे येते, आणि इथे मला जरा थांबून सांगायचं आहे.

२०२० साली आपण सगळ्यांनीच काढे प्यायले. आयुष मंत्रालयाने तेव्हा 'आयुष क्वाथ' म्हणून एक प्रमाण दिलं होतं. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. माझ्यासारख्या गणिताच्या बाईने ते गुणोत्तर पाळायला हवं होतं. आमच्या घरी सगळं मूठ-मूठ पडत होतं. मिरी तुळशीच्या बरोबरीने, वर लवंग, वर दिवसातून तीनदा. महिन्याभरात घरातल्या तिघांच्या छातीत जळजळ सुरू झाली. दालचिनीबद्दलही तेव्हा कुणी बोललं नाही. बाजारात स्वस्त मिळते ती बहुतेक कॅसिया, जाड, कडक, एकाच गुंडाळीची. तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते रोज पोटात जाणं यकृताला बरं नाही. खरी दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची, बोटांत चुरा होणारी. कोकणातून कुणी आणून देणारं असेल तर तीच मागवा.

पण जे सांगायचं आहे ते ज्येष्ठमधाचं.

परवाच्या दिवाळीनंतर अप्पांना कोरडा खोकला लागला. फटाक्यांच्या धुराने त्यांना दरवर्षी लागतो. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, त्यात एक लघवी वाढवणारी. गाण्याचे वेडे. गेली चाळीस वर्षं डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जातात, आणि गवय्यांच्या तोंडात ज्येष्ठमधाची कांडी असते हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो आणलं. करंगळीएवढी कांडी ठेचून, दोन कप पाण्यात बारा मिनिटं मंद उकळून, सकाळ-संध्याकाळ. त्याची गोडी अशी की साखर लागत नाही. अप्पांना मधुमेह नसला तरी सासूबाईंच्या धाकाने साखर बेताची असते, त्यामुळे हा गोड कप त्यांना फार आवडला. खोकला आठवड्यात गेला. कप चालूच राहिला. ते मागायचे आणि मला द्यायला आवडायचं. सहा आठवडे.

डिसेंबरात सवाईची तिकिटं आली होती. पहिल्या दिवशी दुपारी अप्पा म्हणाले, "मला नाही जमेसं वाटत, पाय जड झालेत." मोजे काढले तर घोट्यावर मोज्याच्या कडेचा खोल वळ. रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. घरच्या मशीनवर रक्तदाब १७२ आणि ९४. एरवी तो १३० च्या आसपास असतो. दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम ३.०, ते साडेतीनच्या वर हवं. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्या, चिठ्ठ्या ताडून बघितल्या आणि विचारलं, "घरगुती काही देताय का? चूर्ण, काढा?"

मी म्हटलं, "नाही."

मी खोटं बोलत नव्हते. माझ्या डोक्यात ते औषध नव्हतंच, चहा होता. उठून दारापर्यंत आलो आणि अप्पाच मागे वळून म्हणाले, "ही ज्येष्ठमधाचा चहा मात्र फार सुरेख करते हो." डॉक्टर परत खुर्चीत बसल्या. "किती दिवस?"

नंतर त्यांनी कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढून समजावलं. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिनची. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं एक संप्रेरक असतं, मूत्रपिंडात ते एरवी निष्क्रिय केलं जातं. ग्लिसिरायझिन ते काम अडवतं. मग मूत्रपिंडाला वाटतं मीठ साठवा असा हुकूम आलाय. मीठ आणि पाणी अंगात राहतं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. त्यात अप्पांची लघवीची गोळी आधीच पोटॅशियम घालवणारी. दोन्ही मिळून हे झालं. ज्येष्ठमध त्याच दिवशी बंद झालं, पोटॅशियमचं औषध सुरू झालं आणि तीन-चार आठवड्यांनी आकडे जागेवर आले. सवाई गेलंच. अप्पांनी ते रेकॉर्डिंगवर ऐकलं, एका शब्दाने बोलले नाहीत. मला अजूनही ते घोट्यावरचे वळ दिसतात.

नणंदेला फोन केला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. ते तिचे वडील आहेत. मग एवढंच म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंस गं." चूक ज्येष्ठमधाची नव्हती. ज्याने खोकला मोकळा होतो तेच मूळ सहा आठवडे रोज दोनदा, रक्तदाबाच्या माणसाला, विचारल्याशिवाय दिलं गेलं. म्हणून पोटतिडकीने सांगते. घरात रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यातलं काही असेल, कुणी गरोदर असेल, तर ज्येष्ठमध त्या कपात नको. तयार पाकिटावरचे घटकही वाचा, गोडीसाठी अनेक मिश्रणांत ते असतं. आणि डॉक्टरांनी 'घरगुती काही?' असं विचारलं की चहासुद्धा सांगा.

त्यानंतर महिनाभर मी अप्पांना साधं गरम पाणी सोडून काही दिलं नाही. हात धजत नव्हता. नणंदच आली, गॅलरीत उभी राहिली आणि म्हणाली, बाबांना गवती चहा आणि बडीशेप दे, दिवसाला एक कप, काही होत नाही. आणि स्वतःच पात कापायला लागली.

गॅलरीखाली सोसायटीच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे, निळ्या फुलांचा. ही फुलं चवीला जवळजवळ काहीच नसतात, पण माझ्या नववीच्या मुलांसाठी मी ती मुद्दाम वापरते. काचेच्या पेल्यात सहा-सात फुलं, वर गरम पाणी, ताटली. पाच मिनिटांत पाणी शाईसारखं निळं होतं. मग एका मुलाच्या हातात लिंबाची फोड द्यायची. थेंब पडतो तिथून जांभळ्या रंगाचा धागा खाली उतरतो, हलवलं की पेला जांभळा, आणखी पिळलं की गुलाबीकडे. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर खायचा सोडा, तो हिरवट होतो. फुलातलं अँथोसायनिन आम्लात एक रंग दाखवतं, आम्लारीत दुसरा. हे लिटमसच्या पट्टीपेक्षा मुलांना जास्त कळतं, कारण त्यातला लिंबाचा पेला नंतर गवती चहा घालून प्यायला मिळतो. "बाई, अजून एकदा!" चालूच असतं.

याच उत्साहात एक मुलगा दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दुभाजकावरची गुलाबी फुलं ओंजळभर घेऊन आला, त्यांचा काय रंग होतो ते बघायला. कण्हेर. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली, त्याला साबणाने हात धुवायला लावले आणि अर्धा तास गणित बाजूला ठेवलं. कण्हेराचं फूल, पान, खोड, सगळं विषारी, हृदयावर घाला घालणारं. पिवळी कण्हेर, बिट्टी, तीही तशीच. पुण्यात या दोन्ही जागोजागी दिसतात. त्यामुळे आता वर्गात नियम आहे. ज्याचं नाव माहीत नाही आणि जे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या खाल्लं जात नाही ते पाण्यात पडणार नाही. रस्त्याकडेचं तर ओळखीचं असलं तरी नाही, त्यावर धूर बसलेला असतो.

जास्वंदीबद्दल मला नेहमी विचारतात. दुकानात 'हिबिस्कस' म्हणून जो लालभडक आंबट चहा मिळतो तो आपल्या गणपतीच्या जास्वंदीचा नव्हे. तो लाल अंबाडीचा. आपण ज्या अंबाडीची कण्या घालून भाजी करतो तिच्याच कुळातली, फूल गळल्यावर फळाभोवती उरणारी लाल मांसल निदलं वाळवून तो करतात. कधी मंडईत ती बोंडं दिसली तर घ्या. चार बोंडं एका कपाला, आंबट आवडत असेल तरच.

मंडईत मी महिन्यातून एकदा जाते. आता मेट्रोमुळे सोपं झालंय. नळस्टॉपला बसायचं, सिव्हिल कोर्टाला बदलायचं, थेट मंडई. १८८६ सालची ती दगडी इमारत बाहेरून बघत आत शिरलं की आलं-लिंबू-मिरचीवाल्यांकडे गवती चहाची जुडी असतेच. पात घडी केल्यावर कट्कन मोडली तर ताजी. नुसती वाकली तर कालची. आलं पावसाळ्यानंतरचं कोवळं असेल तर रसाळ पण सौम्य, जुनं धाग्याचं असेल तर तिखट. चहाला जुनं.

वाळवणाचं मात्र जपून. मी पहिल्या वर्षी जुलैमध्ये गवती चहा वाळवायला घेतला आणि चौथ्या दिवशी सुपात राखाडी बुरशी. पुण्याच्या पावसाळ्यात पानं वाळत नाहीत, कुजतात. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की करायचं, पण उन्हात नाही. उन्हात रंग आणि तेल दोन्ही जातं. पंख्याखाली, सुपात सुती फडकं घालून, रोज एकदा खालवर करत पाच दिवस. पान बोटांत चुरलं गेलं म्हणजे झालं. मग काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात. वाळलेली पात ताज्याच्या तिसऱ्या हिश्शाने पुरते. मार्चपर्यंत संपवते, पुढे ती नुसती वैरण होते.

लोहाचं सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं की पत्ती गेली म्हणजे जेवणावर हा चहा चालेल. तसं नाही. पुदिन्यासारख्या वनस्पतींतलेही काही घटक लोह शोषायला अडवतात. म्हणून जेवणानंतर तासाभराने. मधल्या वेळात हवं तर लिंबू पाणी. त्यातलं क सत्त्व उलट लोह शोषायला मदत करतं. सहा महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११.९ आलं. ते गोळ्यांनी आलं, चहाने नाही. चहाने एवढंच केलं की जेवणावरचा पत्तीचा चहा सुटला आणि माझी खिडकीतली दहा मिनिटं राहिली. सकाळचा पहिला कप अजूनही दुधाचा, पत्तीचा, आलं ठेचून. तो मी सोडणार नाही.

दुपारी तीनला आता दोन कपांचं आधण ठेवते. अप्पा काठी टेकत ओट्यापर्यंत येतात. बडीशेप त्यांनी खलबत्त्यात कुटायची, पात मी कापायची. गॅस बंद होतो, ताटली बसते, आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहतात. काल पाचव्या मिनिटाला हात ताटलीकडे गेला. मी म्हटलं, "अप्पा, दोन मिनिटं अजून." त्यांनी हात मागे घेतला आणि ओट्यावर बोटांनी ठेका धरला, विलंबित, कुठल्यातरी बंदिशीचा. समेवर आले तेव्हा मी ताटली उचलली.